शुद्ध हवेची पाटी

भाचीच्या संगणकातल्या हवेच्या प्रदूषणाच्या नकाशावर मामांचं शहराबाहेरचं आरोग्यधाम रोज दुपारी लालभडक दिसायचं. दारावरची ‘शुद्ध हवा’ ही पाटी उतरवायची पाळी आली.

“धूर शहराचा, अन् खापर माझ्या माथी?”

“मामा, धूर तिकडून निघतो, वाटेत उन्हात शिजतो आणि विषारी ओझोन होऊन तुमच्या पानात पडतो.”

मामांनी पैजेवर गच्चीत ओझोन मोजणारं यंत्र बसवलं. भर दुपारी आकडा जवळजवळ शून्य! मामांनी मिशीला पीळ दिला.

भाची गच्चीत गेली. यंत्राची वीज जाऊ नये म्हणून मामांनी डिझेलचा जनरेटर त्याला खेटून लावला होता, आणि उन्हात न शिजलेला ताजा धूर उलट ओझोनलाच गिळतो.


“जिंकलात मामा! आता पाहुण्यांच्या खाटाही जनरेटरभोवतीच मांडा.”