पाट्याला टाकी

"हात काढ! आधी हात काढ त्या दगडावरनं!"

उत्तरेश्वर ओरडतच परसात धावला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लक्ष्मम्मा वडारीण त्याच्या मूर्तीपुढं फतकल मारून बसली होती, एका हातात टाकी, दुसऱ्या हातात हातोडी. मूर्ती म्हणजे पाट्यावर वाकून चटणी वाटणारी काळ्या दगडाची बाई. तिचा पाटा सकाळपर्यंत चकचकीत होता. आता त्यावर देवीचे वण उठल्यासारखे टोचे उठले होते. वरवंटाही सुटला नव्हता.

लक्ष्मम्मा बेंबळीत दारोदार फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. वापरून गुळगुळीत झालेल्या दगडावर बारीक टोचे मारले की वाटण पुन्हा नीट वाटलं जातं. उत्तरेश्वरच्या आईनं, मथुराबाईनं, तिला चुलीपासनंच सांगितलं होतं, पाटा परसात हाय. परसात पाटे निघाले दोन. तिनं आधी घरचा केला आणि मग दगडाच्या बाईचा.

"वरडू नका, मालक," लक्ष्मम्मा म्हणाली. "बाई एवढी वाकून वाटतीया, आन् पाटा बघा की, निस्ता लोण्यावानी. एक मिरची तरी वाटंल का त्याच्यावर? लई कीव आली मला. हिचं काय घेणार न्हाय मी."

उत्तरेश्वर मटकन खाली बसला. मुंबईला जाऊन मूर्तिकला शिकलेला गडी तो. दोन महिने वाळू आणि पाण्यानं घासून त्यानं त्या दगडाला झिलई आणली होती. हैदराबादच्या प्रदर्शनातून त्याच्या मूर्ती दोनदा परत आल्या होत्या आणि दोन्ही वेळा एकाच म्हाताऱ्या परीक्षकाचा शेरा होता, काम साफ है, जान नहीं. यंदाची तिसरी खेप. हीही परत आली तर छिन्नी सोडायची आणि भूमला चुलत्याच्या कापडदुकानात बसायचं, असा शब्द त्यानं वडिलांना दिला होता. उद्या पहाटे बैलगाडी सोलापूरच्या स्टेशनला निघणार होती. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे तो गावाला उठताबसता ऐकवायचा. आज घाव त्याच्यावर बसले, तर डोळ्यांत पाणी आलं.

गलका ऐकून मथुराबाई बाहेर आली. दुपारचं ऊन तिरपं झालं होतं. तिनं मूर्ती या अंगानं पाहिली, त्या अंगानं पाहिली. पोराला काय वाटेल याचा तिनं विचार केला नाही.

"पाटा कामाला लागला रं," ती म्हणाली. "बाई तेवढी बसून हाय."

उत्तरेश्वरनं मान वर केली. टोच्याटोच्यावर ऊन अडकलं होतं. पाटा खरखरीत, जिवंत दिसत होता, आणि त्याच्यावर वाकलेली बाई काचेच्या कपाटातली बाहुली. एवढी गुळगुळीत बाई उभ्या जन्मात कधी पाट्यावर बसली नसेल. दोन वर्षं जे कळत नव्हतं, ते त्याला एका क्षणात कळलं. त्याला हसूच फुटलं.

"लक्ष्मम्मा," तो म्हणाला, "तुमी टाकी कशी धरता, जरा दावा मला."

मघाशी हात काढ म्हणणारा माणूस आता तुमी म्हणतोय, हे बघून ती गोंधळली. तरी तिनं दाखवलं. टाकी थोडी तिरकी, मनगट सैल, जोर हातोडीचा. उत्तरेश्वरनं दात-ओठ खाऊन बाईच्या दंडावरची झिलई उडवली. मग मनगटं, मग पाठ, मग गळा. दिवेलागणीला त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

हैदराबादेत मूर्ती मांडली गेली. कारकुनानं अर्ज मोठ्यानं वाचला. उस्तादाच्या रकान्यात लिहिलं होतं, लक्ष्मम्मा, पाट्यांना टाकी लावणाऱ्या, मुक्काम बेंबळी. दोन परीक्षक खो खो हसले. झिलईसुद्धा नाही, काम अर्धवट आहे, असं एक जण म्हणाला. उत्तरेश्वरनं मान खाली घातली नाही.

तिसरे परीक्षक, तेच शेरेवाले म्हातारबुवा, हसले नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि मूर्तीपुढं उकिडवे बसले. बाईच्या मनगटाकडं, ताणलेल्या पाठीकडं कितीतरी वेळ बघत राहिले. उत्तरेश्वरकडं त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते दगडाच्या बाईलाच म्हणाले,

"अम्मा, बस करो अब. कित्ता पीसते!"