बेसचा खोका

मुलाला दुसऱ्या शहरातल्या बँडमध्ये काम मिळालं, तेव्हा सुतार बापाने घरातच त्याच्यासाठी बेसच्या मोठ्या स्पीकरचा खोका करायला घेतला. जाड प्लायवूड, प्रत्येक सांध्यात गोंद, आतून भक्कम चौकट. वाजवून बघितल्यावर मुलगा खुळ्यासारखा हसत सुटला. "बाबा, असा बेस दुकानात मिळत नाही!"

निघायच्या दिवशी खोका दारातून बाहेर निघेना. आडवा केला, तिरका केला, दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, तरी चार बोटांनी अडला. बाहेर टेम्पोवाला सारखा हॉर्न देत होता.

"कापूया का?" मुलाने विचारलं.

"कापला तर आवाज गेलाच. चार दिवस थांब, दुसरा करतो. बरं, दोन दिवस. दोनच दिवस थांब रे."

मुलाने स्क्रू काढून आतला स्पीकर तेवढा काखेत मारला. "तिकडे बघतो काहीतरी," म्हणत तो टेम्पोत बसला.

"अहो, लोकांची दारं बसवण्यात जन्म गेला तुमचा," टेम्पो वळल्यावर आई म्हणाली. "आपल्याच दाराचं माप कसं चुकलं?"

"चुकलं नाही." बाप खोक्याला टेकून खाली बसला. "वाटलं होतं, याला टाकून तरी तो जाणार नाही."