टोपीतली चिठ्ठी

खाद्यातल्या नव्या पावडरीनं गोऱ्ह्यांच्या रक्तातला युरिया उतरायला हवा होता. तो उतरलाही होता, पण नुसत्या चाऱ्यावरच्या आठ नंबरच्या गोठ्यात! पावडरीचा चार नंबर जसाच्या तसा. सावनीनं नमुने पुन्हा तपासले, आकडे तेच. म्हणजे खाद्य घालणाऱ्या म्हाताऱ्या ड्वेनचीच करामत. "टेक्ससची गुरं पावडरीवाचूनच पोसलीत आम्ही," त्यानं पहिल्याच दिवशी सुनावलेलं. मुद्दाम वाट लावली मेल्यानं रिसर्चची! प्रोफेसरांना तक्रारीचा ईमेल ठोकून ती तरातरा शेडवर गेली. "पावडर कुठल्या गोठ्यात घातलीत?" "तू लिहून दिलंस तिथेच." ड्वेननं टोपीच्या आतून जपून ठेवलेली चिठ्ठी काढली. अक्षर तिचंच. ती लिहिताना फोनवर पुण्याहून आई बोलत होती, आणि इंग्रजी मजकुरात चक्क मराठी ४ उमटला होता. "एट!" ड्वेननं त्यावर बोट ठेवलं. "वरून जोडायचा राहिला, पण मी ओळखला."