विहिरीवरची डबी

जीप मोखाड्याच्या बाजारात थांबली तसा देवरामने उजवा हात पुन्हा खिशात घातला.

"हात काढ बाहेर," त्याची बायको सोमी म्हणाली. "चोरी करून आल्यासारखा दिसतोस."

"चोरीच हाय ती."

"मंग आज सांगून टाक. ताई काय मारायची नाय तुला."

मारलं असतं तर बरं झालं असतं. प्राजक्ताताई त्याला कधी एक शब्द वावगा बोलली नव्हती, आणि तेच देवरामला आतून खात होतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ताई शहरातल्या कॉलेजातून जामसरकडच्या त्याच्या पाड्यावर आली आणि विहिरीच्या काठावर एक पांढरी डबी बसवून गेली. डबी वरून डोकावून विहिरीतलं पाणी मोजायची. आकडा देवरामच्या फोनमध्ये उतरायचा, आणि रेंज येते त्या टेकडीवर देवराम चढला की पुढे जायचा. आकडा दोन मीटरच्या खाली गेला की पाड्याला टँकर. अर्ज नाही, हेलपाटे नाहीत. ताई त्याला वस्तूंचं इंटरनेट म्हणायची. पाड्याच्या लेखी ती देवरामची डबी होती, कारण राखण त्याच्याकडे होती.

दसऱ्याला देवरामने नांगर धुतला, विळा-कोयता धुतला. मग त्याला वाटलं, हत्यारांना मान द्यायचा तर या डबीनं काय घोडं मारलंय? त्याने झाकण उघडून आतबाहेर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. डबीने एकदा 'टुक' केलं आणि जी गप्प झाली ती कायमची.

ताईला कळवायला म्हणून तो टेकडीवर चढलाही. पण नंबर न लावताच फोन खिशात टाकला. शिकलेल्या पोरीने विश्वासाने सोपवलेली वस्तू आपण नारळाच्या पाण्यात बुडवली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? फोनमध्ये 'हाताने नोंद' असं एक बटण होतं. डबी बसवताना तपासायला ताईनेच ते वापरलं होतं, आणि तिथून भरलेला आकडाही डबीच्या आकड्यासारखाच पुढे जायचा.

देवरामने बाजारातून नायलॉनची दोरी आणली, मापाच्या गाठी मारल्या, खाली चांगला जड धोंडा बांधला. सकाळ, दुपार, संध्याकाळ दोरी सोडायची, ओढायची, आकडा भरायचा. ताप असो की पाहुणे असोत. एकही आकडा त्याने खोटा भरला नाही. खोटी होती ती नुसती डबी.

मार्चमध्ये टँकर आला. देवरामच्या डबीनं पाणी आणलं, असं पाडा म्हणाला. त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही.

सात महिन्यांत उजव्या तळहातावर आडवा वळ उठला होता. पाणी ओढणं बायकांचं काम, गड्याच्या हातावर असला वळ कुठून येणार? सोमीचे वळ पाहून ताईने एकदा शहरातून मलम आणून दिलं होतं. तिच्या नजरेतून हा सुटला नसता.

ताईने सभा बोलावली होती त्या सभागृहात पहिल्या रांगेत नऊ खुर्च्या होत्या, अशाच डब्या बसवलेल्या नऊ गावांच्या नऊ राखणदारांसाठी. सोमी मागे बायकांत जाऊन बसली. देवराम कडेच्या खुर्चीवर टेकला. शेजारी वावर गावचा ढवळू होता. त्याने टोपी काढून मुठीत गच्च धरली होती, चहा आला तरी सोडली नाही. पलीकडे कान्हा मांडीवरच्या पिशवीत हात घालून बसलेला, त्यापुढे नवशा पंचा हाताला गुंडाळून. साधी, सरळ माणसं. यांच्या रांगेत आपण बसलोय याची देवरामला लाज वाटली.

"जगभर हीच रड आहे," प्राजक्ताताई व्यासपीठावरून सांगत होती. "डब्या लावतात, वर्षाच्या आत निम्म्या बंद पडतात. त्यावर संशोधन चालू आहे. आणि आपल्या नऊच्या नऊ चालू आहेत. दसऱ्याला तेवढा एक दिवस नऊही गप्प होत्या. नेटवर्क गेलं असणार."

देवानेच लाज राखली, देवरामला वाटलं. आपली डबी मेली त्याच दिवशी नेटवर्कनेही मान टाकावी.

"म्हणून पुढच्या वर्षी सव्वाशे पाडे," ताई म्हणाली. तिचे डोळे आनंदाने भरून आले होते. "नवी डबी थेट उपग्रहाशी बोलेल. फोन नको, टेकडी नको, राखणदाराची दगदग नको. मधे माणूसच नाही."

देवरामने मनात हिशेब मांडला. दसरा काय दरवर्षी येणारच. नारळ फुटणारच. डबी गप्प झाली तर दोरी सोडायला कोणी नसणार, आकडा जाणार नाही, टँकर येणार नाही, आणि सोमी हंडे घेऊन दोन डोंगर उतरणार. एवढ्या सभेत हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्याने मागे वळून पाहिलं. सोमीने हनुवटीनेच खूण केली. सांग.

"ज्यांची डबी नीट चालली आणि ज्यांना नवी हवी," ताईचे मोठे सर उभे राहून म्हणाले, "त्या राखणदारांनी हात वर करावा."

हात खाली ठेवला की झालं. सर विचारतील, तो सांगेल. देवरामने ओठही उघडले. मग त्याला ताईचा चेहरा दिसला, आणि त्याचा धीर सुटला. आठ भल्या माणसांच्या देखत नववा लबाड ठरणं त्याच्याने होईना.

उजवा हात वर केला असता तर वळ दिसला असता. शुभकामाला डावा हात कोणी पुढे करत नाही, पण त्याने तोच वर केला आणि मान खाली घातली. सोमीकडे बघायची त्याची छाती नव्हती.

"एकमताने," सर म्हणाले. टाळ्या वाजल्या.

देवरामने हळूच डोळे वर करून रांगेकडे पाहिलं. ढवळू, कान्हा, नवशा आणि बाकीचे पाच, सगळे माना खाली घालून बसले होते. आठ हात वर होते. आठही डावे.