पांढरी माशी

विठ्ठलरावांच्या गोळीनं गाडग्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि धारूरचा मुंजाजी लोहार भाता सोडून नाचायलाच लागला. "बघा पाटील! म्हनलो न्हवतो? हिरा हाय हिरा!"

हिरा म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकावर त्यानं बसवलेली पोलादी माशी. तांदळाच्या कणीएवढी. नेम धरताना नजर हिच्यावर ठेवायची. जुनी माशी गेल्या दसऱ्याला तुटली. तुटली कसली! विठ्ठलरावांचे वडील, आश्रुबा पाटील, यांचा नेम चुकला आणि त्यांनी रागानं बंदूकच वेशीच्या दगडावर हाणली.

घाटाखालच्या पाटलांच्या गावची रीतच तशी. दसऱ्याला सीमोल्लंघनाआधी पाटलानं वेशीबाहेरच्या निंबावर टांगलेला नारळ उडवायचा. बंदूक एकबारी, गोळी एकच. सलग तीन दसरे चुकला, की भरल्या गावासमोर बंदूक काढून घ्यायची आणि पोराच्या हातात द्यायची. आश्रुबा दोनदा चुकले होते. तेव्हापासून म्हातारा चावडीवर जाईना, नीट जेवेना. कुणी रामराम घातला तरी त्यांना त्यात टोमणाच ऐकू यायचा.

"आता ती दुसरी बसव," विठ्ठलराव म्हणाले.

दुसरी पितळेची, हरभऱ्याएवढी जाड, वर शिंपल्याचा पांढरा टिकला. विठ्ठलरावांनी नेम धरला, तर माशीआड आख्खं गाडगं झाकलं. गोळी बांधात घुसली. गाडगं जागच्या जागी.

"हीच ऱ्हाऊ दे. माशी जिच्यातून बघायची, ती मागच्या पट्टीची खाच रुंद कर, आन् पट्टी जरा पुढं सरकव."

मुंजाजीचा हातोडा वरच राहिला. "आवो, हिनं तुमच्यासारख्या जवान मानसाचा नेम चुकला! म्हाताऱ्याचं काय व्हईल?" मग त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि त्यानं आवाज खाली आणला. "का बापानं चुकावं म्हनूनच चाललंय हे? यंदा चुकले की बंदूक तुमचीच की."

विठ्ठलराव कानापर्यंत लाल झाले. "सांगितलं तेवढं कर," एवढंच म्हणाले.

मुंजाजीनं केलं. पण त्याचं मन मानेना. बारीक माशी त्यानं फेट्याच्या पदरात बांधली आणि दसऱ्याला धारूरहून घाट उतरून स्वतः गावात हजर झाला. ऐन वेळी बदलायची म्हटली तर जवळ असावी.

केशरबाईंनी बंदुकीची पूजा केली. नळीला हळदीकुंकू लावता लावता बोट माशीकडं गेलं, तसा विठ्ठलरावांनी हात धरला. "आई, तेवढी पांढरीच ऱ्हाऊ दे."

आश्रुबांनी बंदूक खांद्याला लावली. भाऊबंदांतली पोरं आधीच फिदीफिदी हसायला लागली होती. आश्रुबांनी बंदूक खाली घेतली, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि पुन्हा लावली. मुंजाजीनं डोळेच मिटून घेतले.

"आयला!" म्हातारा ओरडला. "दिसतीया की बे!"

धडाम!

नारळाचं पाणी निंबाखाली उभ्या असलेल्यांच्या टोप्यांवर उडालं. हलगी कडाडली. बायका हसत होत्या, केशरबाई रडत होत्या. मुंजाजीनं डोळे उघडले आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हाताऱ्या पाटलाच्या डोळ्यांना बारीक माशी दिसत नाही, हे चारचौघांत बोलायचं नव्हतं म्हणून पोरानं नको तो आळ सोसला होता! मुंजाजीला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. ते सोडून त्यानं विठ्ठलरावांना कडकडून मिठीच मारली.

"सोड त्याला, मुंजाजी," आश्रुबा म्हणाले. "ही जाडी माशी काढ. ह्याच्या डोळ्याला बसंल अशी बारीक लाव."

आणि त्यांनी बंदूक विठ्ठलरावांच्या हातात ठेवली. हलगी थांबली. मुंजाजीचा हात मात्र केव्हाच फेट्याच्या गाठीवर गेला होता.

"आबा, लागलाय की नारळ!" विठ्ठलराव गोंधळले. "मग बंदूक कावून देताव?"

म्हातारा कितीतरी दिवसांनी पोटभर हसला.

"चुकल्यावर काढून घेत्यात, बे. लागल्यावरच देता येती."