तासलेली मूठ

ओहायोतल्या त्या प्रदर्शनात नेमबाजीची जुनी रिव्हॉल्व्हरं मांडली होती. पांढरे हातमोजे घातलेला परीक्षक थर्लो आमच्या टेबलापाशी आला. खुर्चीत मी बसले होते, पण तो बोलला माझ्या मुलाशी, रॉयसशी.

"वडिलांचं ना? काय सुरेख चीज आहे! अडतीस सालचं, निळी झिलई जशीच्या तशी. पण ही मूठ बघा! कुठल्या तरी गाढवानं अक्रोडाचं लाकूड तासून पार बारीक केलंय. पहिलं बक्षीस गेलं की हो!"

"त्या गाढवाशी माझं लग्न झालं होतं," मी म्हणाले.

थर्लो ओशाळला. "माफ करा, आजी. पण वेंडेल रूपर्ट म्हणजे नेमबाजीतला राज्याचा विजेता! शेजारच्या कपावर नाव आहे की त्यांचं. त्यांनी असं का करावं?"

मी रिव्हॉल्व्हर उचललं.

"आजी, हात नका लावू! डाग पडतील!"

तासलेली मूठ माझ्या लहानशा पंजात चपखल बसली.

"वेंडेल सुतार होता. आयुष्यात एक गोळी झाडली नाही त्यानं. मी जिंकले, तरी स्पर्धावाल्यांनी कपावर नाव कोरलं नवऱ्याचं. निदान त्या नावाआधीचं 'मिसेस' तरी वाच, मेल्या!"