शेवटचा आकडा

मंजुरीच्या ऑफिसातून फाइल तिसऱ्यांदा परत आली होती आणि शेरा तोच होता: रुग्णाला चालताना त्रास नाही, ऑपरेशनला मंजुरी देता येत नाही.

रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. दवाखान्यातल्या आजारांना आकडे देणं हे त्यांचं काम. कंबरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाली की एक लांबलचक आकडा टाकायचा. त्याच्या शेपटाला एक असेल, तर माणूस धड चालतो. दोन असेल, तर चालता चालता त्याचे पाय भरून येतात. एकवाल्याच्या हाती व्यायामाचा कागद, दोनवाल्याला ऑपरेशन. बाईंनी तिन्ही वेळा एक टाकला होता, स्वतःच्या बोटानं. डॉक्टरांनी पायांबद्दल काही लिहिलंच नव्हतं, आणि जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असा खात्याचा नियम.

ज्यांची फाइल, त्या मावशी मात्र काचेपलीकडं, समोरच्या लांब व्हरांड्यात फरशी पुसत होत्या. दहा पावलं चालावं, चाकांच्या बादलीवर वाकावं. दहा पावलं चालावं, बादलीवर वाकावं. वाकलं की कळ उतरायची, तेवढ्या उसन्या बळावर पुढची दहा. अशा वाकायच्या, की वाटावं बादलीच्या कानात काही सांगताहेत.

"साहेब, या मावशींना चालवत नाही. मला इथून दिसतंय ना!"

"तुम्हाला दिसून काय उपयोग?" रेकॉर्ड रूमच्या साहेबांनी टेबलावरून मान वर केली नाही. "डॉक्टर आहात का तुम्ही? एक टाका आणि मोकळ्या व्हा. परत आली तर परत टाकू."

परत टाकू! जसं काही त्या पायांना जन्मभर कागदांची वाट बघण्यापलीकडं दुसरं कामच नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळीच त्यांनी डॉक्टरांना लेखी विचारलं होतं. उत्तर आलं होतं दोन शब्दांचं: नोंद पाहावी. बाईंनी नोंद पुन्हा पाहिली. तीन तारखा, तीन नोंदी, आणि तिन्हींची सुरुवात एकच. रुग्ण खुर्चीत. आरामात. कळ नाही.

खुर्चीत! बाई थबकल्या. ही कळ नांदते चालण्यात. बसलं की पळाली. मग खुर्चीत बसवून तिला विचारायचं तरी काय?

त्यांनी फाइल काखोटीला मारली आणि तरातरा त्याच व्हरांड्यातली डॉक्टरांची खोली गाठली. एक पेशंट नुकता उठून गेला होता. बाईंनी पेशंटची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली.

"अहो मॅडम, हे काय?" डॉक्टर उठलेच.

"घेऊन चाललेय."

"मग पेशंट बसणार कशावर?"

"नाहीच बसणार. दोन मिनिटं बाहेर या, सर. नाहीतर आज सगळ्यांना उभ्यानं तपासा."

बाहेरच्या रांगेतले एक आजोबा खूश झाले. "बाई, खुर्ची पळवली की काय डॉक्टरांची?"

"हो आजोबा. आणि परत देणार नाहीये."

त्यांनी खुर्ची व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली नेऊन ठेवली आणि परत आल्या. डॉक्टर दारात उभे होते, घड्याळ बघत.

"मावशी, बादली ठेवा जरा. त्या खुर्चीपर्यंत चालत जा."

"अगं, कामावर आहे मी!" मावशी हसल्या. "या वयात नवरीसारखं चालून दाखवू होय?"

"दाखवाच."

"बरं बाई. चल गं," असं बादलीला म्हणत त्यांनी दांडी धरली.

"बादलीशिवाय, मावशी."

मावशींचं हसू तिथंच विरलं. त्यांनी बाईंकडं पाहिलं, डॉक्टरांकडं पाहिलं. मग एकेक बोट सोडवावं तशी दांडी सोडली.

पहिली दहा पावलं नीट पडली. रांगेतल्यांनी पाय आत घेतले, वाट दिली. पंधराव्या पावलाला मावशींचा तळवा मांडीवर गेला. विसाव्याला पाऊल उचलेना, फरशीवरून घासत निघालं. आणि मग उजवा हात पुढं झाला, हवेतच चाचपला, जिथं रोज दांडी असायची तिथं. तिथं काही नव्हतं. मावशी भिंतीशी गेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून दुमडल्या आणि तशाच राहिल्या.

खुर्ची अजून तेवढीच लांब होती.

बाईंना वाटलं, धावत जावं, खांदा द्यावा. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टरांना बघू दे. पुरतं बघू दे.

डॉक्टरांनी हात पुढं केला. "फाइल द्या."

बाईंनी दिली. त्यांनी उभ्या उभ्याच पान उघडलं, खिशातलं पेन काढलं, आणि लिहिण्याआधी मावशींजवळ गेले. खाली वाकले. आवाज जरा नरमला होता, पण त्यात तक्रारही होती.

"मावशी, इतका त्रास होता, तर मला कधी कळू का दिलं नाहीत?"

मावशींनी मान वर केली नाही. कळ उतरेपर्यंत थांबल्या.

"रोज तुमच्याच दारासमोर थांबते की हो, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता, मावशी, जरा बाजूला व्हा."